पाचूबेटचा दुसरा खांब

जुन्या वस्तू गोळा करायला लागलं की घरात दोन गोष्टी साठत जातात. एक म्हणजे त्या वस्तू. दुसरी म्हणजे त्या मिळवताना बसलेले धक्के. वस्तू निदान माळ्यावर टाकता येतात. धक्के कुणाला तरी सांगावेच लागतात, नाहीतर बीपी वाढतं. तेव्हा चहा मागवा आणि ऐका.

आमचा नाद जरा विचित्र आहे. लोक नाणी गोळा करतात, पोस्टाची तिकिटं गोळा करतात. आम्ही तिघं टिकी गोळा करतो. टिकी म्हणजे दूर पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे कोरीव लाकडी पुरुष. भलंमोठं डोकं, बटबटीत डोळे, उघडं तोंड आणि सगळे दात बाहेर. त्यांची नक्कल करून बार सजवायची फॅशन अमेरिकेत एके काळी जोरात होती. लाकडी मुखवटे, चेहऱ्याच्या आकाराचे चिनीमातीचे मग, बांबूचे दिवे, असं सगळं.

‘हे नगर जिल्ह्यात कुठून आलं?’ असं तुम्ही विचारणार. मीही विचारलं होतं.

संगमनेरजवळ नाशिक-पुणे रस्त्यावर पूर्वी ‘पाचूबेट’ नावाचं हॉटेल होतं. मालक जहाजावर नोकरी करून गावी परतलेले. येताना पेट्याच्या पेट्या भरून हे सामान घेऊन आले आणि त्यांनी परमिट रूम थाटली. छपराला नारळाच्या झावळ्या मिळेनात म्हणून उसाचं पाचट घातलं. दाराशी दोन बाजूंना माणसापेक्षा उंच असे दोन कोरीव खांब उभे केले. रस्ता मोठा झाला तेव्हा हॉटेल पाडलं गेलं, सामान भंगारात निघालं आणि जिल्हाभर पांगलं.

आमच्यातले शफीभाई त्याच सामानाच्या मागे आहेत. नगरला त्यांचं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. त्यांचे वडील पाचूबेटला स्वयंपाकी होते. शफीभाई शाळेत असतानाच ते गेले. त्यांचा एकच फोटो आहे, मालकांनी जहाजावरून आणलेल्या कॅमेऱ्यानं काढलेला. दोन खांबांच्या मध्ये वडील उभे आहेत, एका खांबावर हात टेकलाय आणि दुसऱ्या खांबाच्या लांबड्या कानाला स्वतःचा नॅपकीन अडकवलाय.

‘बाळासाहेब,’ ते मला म्हणाले होते, ‘दोन्ही खांब मिळाले ना, की मी मधी उभा राहणार. तुमी फोटो काढायचा. बस. दुसरं काय नको आपल्याला.’

मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो. तिसऱ्या आमच्या गुगळे डॉक्टर, दातांच्या. जुना मुखवटा हातात आला की त्या आधी त्याचे दात बघतात. सवयच आहे ती.

*

या नादात पडलेल्या माणसाला आणखी एक वाईट सवय लागते. दिसेल ती वस्तू उलटी करून बघायची. चिनीमातीचा मग खरा जुना आहे की नाही, हे त्याच्या बुडावरच्या शिक्क्यावरून कळतं. एकदा ही सवय लागली की हात ऐकत नाहीत.

आम्ही तिघं संगमनेरला एका गल्लीतून चाललो होतो. गुगळे डॉक्टर एकदम थांबल्या. समोर केशकर्तनालय होतं. आत आरशापुढे, दाढीच्या ब्रशाशेजारी, एक चेहरा आमच्याकडे बघत दात काढून हसत होता. चिनीमातीचा मग! पाचूबेटचाच.

आम्ही काही बोलायच्या आत डॉक्टर पुरुषांच्या सलूनमध्ये शिरल्या. खुर्चीत एक वजनदार गृहस्थ डोळे मिटून बसले होते. त्यांच्या अर्ध्या गालाची दाढी झालेली, अर्ध्यावर फेस. डॉक्टरांनी मग उचलला आणि सवयीनं सरळ उलटा केला.

त्यात गरम पाणी होतं, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. ते सगळं गृहस्थांच्या मांडीवर. ते ओरडून उठले. न्हाव्याच्या हातातला वस्तरा खाली पडला. मी आणि शफीभाई दाराबाहेर भिंतीला चिकटून उभे. आणि डॉक्टर मात्र चष्मा वर करून शांतपणे बूड वाचत होत्या.

‘जपानमध्ये बनलाय,’ त्या आनंदानं म्हणाल्या.

गृहस्थ आपल्या धोतराकडे बघत म्हणाले, ‘मॅडम, तेवढी राहिलेली दाढी कुठं बनायची तेबी बघून सांगा.’

*

गोळा केलेलं सगळं माझ्या घरी असतं. शफीभाईंच्या घरी ज्या खोलीत नमाज होते तिथं चेहऱ्याच्या वस्तू ठेवत नाहीत, आणि घर आहे दोन खोल्यांचं. तेव्हा हौस त्यांची आणि भिंती माझ्या, असं ठरलं. माझी बायको मनीषा कशी तयार झाली, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. नंतर कळलं.

एकदा डोकं दुखायला लागलं म्हणून मी कारखान्यातून दुपारीच घरी आलो. दाराबाहेर चपलाच चपला. म्हटलं, घरात काहीतरी बरंवाईट झालंय. धावत आत गेलो.

हॉलमध्ये कॉलनीतल्या पाचसहा बायका ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर एक पोर, हातात वाटी. आणि प्रत्येक पोर भिंतीवरच्या मुखवट्यांकडे डोळे फाडून बघत गपागप जेवत होतं.

‘खातोस, का त्याला बोलावू?’ एक बाई पोराला म्हणाली. पोरानं आ केला.

मनीषा म्हणाली, ‘रोजच येतात. तुम्ही कुठे असता दुपारी?’

मी खुर्चीत बसलो. भिंती द्यायला मनीषा का तयार झाली, ते आत्ता कळलं. माझं घर म्हणजे कॉलनीचं भोजनालय झालं होतं आणि मला पत्ता नव्हता.

पुढच्या रविवारी गुगळे डॉक्टर सगळं तपासायला आल्या. एका मुखवट्याच्या दाढा बघताना त्यांचा चेहरा पडला. ‘याला कीड लागलीय, बाळासाहेब.’ लाकडाला कीड म्हणजे संपलंच. डॉक्टरांनी पर्समधून दवाखान्यातली बारीक आकडी काढली, दाढेत घालून थोडं खरवडलं, वास घेतला.

‘कीड नाही,’ त्या म्हणाल्या. ‘वरणभात आहे. कुणीतरी यालाही भरवतंय.’

*

नगरच्या एका भंगारवाल्याकडे आम्हाला एक अस्सल मुखवटा सापडला. वर्षानुवर्षांच्या धुरानं, तेलकट हातांनी काळा-तांबूस झालेला. या धंद्यात त्या काळपटपणालाच किंमत. तो घासला, पुसला, की वस्तू मेली. त्या दिवशी गाडी नव्हती, म्हणून ‘रविवारी येऊन नेतो, जपून ठेवा’ असं बजावून आम्ही निघालो. ‘जपून’ हा शब्द शफीभाईंनी दोनदा उच्चारला, मी साक्षीदार आहे.

रविवारी गेलो. भंगारवाला हसतमुखानं आतून काहीतरी फडक्यात गुंडाळून घेऊन आला. फडकं काढलं आणि आम्ही तिघंही गारठलो.

गाल पोपटी. ओठ गुलाबी. दात सोनेरी. वर चकाकणारं वॉर्निश. भुवया कुणीतरी ब्रशनं इतक्या नाजूक काढल्या होत्या की तो मुखवटा लाजतोय असं वाटावं.

‘तुमी एवढ्या लांबून येनार,’ भंगारवाला म्हणाला, ‘म्हनलं असलं कळकट कसं द्यायचं? पोरीला बसवलं रंगवायला.’

शफीभाई मटकन जुन्या टायरवर बसले. डॉक्टरांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. त्या बापड्याचा चेहरा उतरला. काहीतरी बिनसलंय एवढं त्याला कळलं आणि कारणही त्यानं स्वतःच शोधून काढलं.

‘जिभेचं म्हनताय व्हय? ती न्हाई रंगवली, लाल संपला. उद्या आनून मारून देतो.’

ती जीभ तेवढी आमच्याकडे अस्सल आहे.

*

तुम्ही पाहिलं असेल, घराचं बांधकाम चालू असलं की नजर लागू नये म्हणून दर्शनी भागावर एखादी काळी बाहुली नाहीतर राक्षसाचं तोंड टांगतात. त्यामुळे रस्त्यानं जाताना आमच्या माना कायम वर असतात. असंच नगरला सावेडीत एका अर्धवट बंगल्याच्या स्लॅबवर पाचूबेटचा एक मुखवटा लटकताना दिसला.

मालक भला माणूस. म्हणाला, ‘घेऊन जा की. पण वास्तुशांतीनंतर. आत्ता काढला आणि काही झालं तर?’

बरोबर होतं त्याचं. फक्त त्याचं बांधकाम पुढे सरकत नव्हतं. आधी गवंडी गावी गेला. शफीभाईंनी दुसरा गवंडी दिला. मग प्लंबर येईना. मी कारखान्यातल्या एकाला सुटीच्या दिवशी पाठवला. फरशी कुठली घालावी यावर नवराबायकोचं जमेना, तर गुगळे डॉक्टरांनी दोघांना गाडीत घालून दुकानात नेलं आणि पसंत करूनच परत आणलं. पावसाळ्यात मुखवटा भिजतोय म्हणून त्याच्यावर आम्ही प्लॅस्टिक बांधून आलो. स्वतःच्या घराच्या वेळी मी इतका राबलो नव्हतो.

शेवटी एकदाची वास्तुशांत झाली. आम्ही तिघंही सकाळीच आहेर घेऊन हजर. पोटभर जेवलो. मग शफीभाईंनी हळूच विषय काढला.

मालकानं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी. ‘शफीभाई, हा मुखवटा म्हणजे काय चीज आहे! टांगल्यापासून देवमाणसं मदतीला येत गेली. आता वरचा मजला घ्यायचा विचार आहे. तेवढा होऊ द्या.’

*

एक छोटा धक्का सांगतो. आपल्याकडच्या वस्तू ओळखून घ्यायला गुगळे डॉक्टर इंटरनेटवरच्या परदेशी मंडळींच्या एका ग्रुपमध्ये आहेत. तिथं त्यांनी एका मगाचा फोटो टाकला. घाईत स्वयंपाकघराच्या ओट्यावरच काढलेला.

तासाभरात उत्तरांचा पाऊस. पण मगाबद्दल कुणीच बोलेना. सगळ्यांना मागची पितळी वस्तू हवी होती. कुठल्या बेटावरची? कुठल्या देवाची? विकणार का?

डॉक्टरांनी कळवलं, ‘विकत नाही. दिवाळीत चकल्या कशानं पाडू?’

*

पहिला खांब कसा मिळाला ते सांगितल्याशिवाय दुसऱ्याचं सांगण्यात अर्थ नाही.

संगमनेरच्या एका वखारीत जुनं लाकूड आलंय, असं कळलं म्हणून आम्ही गेलो. आत शिरतो तोच करवतीचा कर्कश आवाज सुरू झाला. पाहतो तर मशिनच्या पट्ट्यावर पाचूबेटचा खांब आडवा! डोकं पुढे, आणि करवतीनं कपाळात शिरायला सुरुवात केलेली.

मी ‘थांबा, थांबा’ म्हणून ओरडलो. त्या आवाजात कुणाला ऐकू येणार? शफीभाई ओरडले नाहीत. ते पळत गेले आणि खांबावर घोड्यावर बसावं तसे बसले. खांब पुढे सरकतोय आणि त्याच्याबरोबर शफीभाईही सरकताहेत!

कामगारानं बटण दाबलं. करवत थांबली. वखारवाला धावत आला. ‘ओ, मरायचंय का तुम्हाला?’

शफीभाई खाली न उतरता म्हणाले, ‘आधी ह्याला उतरवा. माझं मग बघू.’

तो खांब माझ्या ओसरीत आला. कपाळावर करवतीची खाच अजून आहे. शफीभाई दर शुक्रवारी नमाजानंतर यायचे, ओसरीत बसून चहा प्यायचे आणि जाताना त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघायचे. तिथं मनीषानं एकदा तुळशीची कुंडी ठेवली होती. त्यांची नजर बघून तिनं ती स्वतःच हलवली.

*

गुगळे डॉक्टर अकोले तालुक्यात राजूरला अधूनमधून दातांचं शिबिर घेतात. तिथं एक शेतकरी दाढ काढायला आला. इंजेक्शन दिल्यावर जबडा बधिर व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात डॉक्टरांनी त्याला सवयीप्रमाणे मोबाईलवरचा खांबाचा फोटो दाखवला. त्या सगळ्याच पेशंटना दाखवतात.

तो माणूस खुर्चीतून उठलाच. फोटोवर बोट ठेवून, बधिर तोंडानं काहीतरी बोलायला लागला. एक अक्षर कळेना. मग त्यानं दोन्ही हातांची शिंगं करून डोक्याला लावली आणि जोरजोरात मान हलवली. डॉक्टर घाबरल्या. त्यांना वाटलं, इंजेक्शन चढलं. त्यांनी त्याला झोपवलं, नाडी बघितली. दाढ काढून झाली, बधिरपणा उतरला, तेव्हा तो बोलला, ‘आवो, ह्यो बाबा आमच्या चुलतीच्या गोठ्यात उभा हाय. म्हस बांधती ती त्याला.’

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही शफीभाईंच्या टेम्पोतून निघालो. वाटेत ते सारखे खिशातला मोबाईल काढून वडिलांचा फोटो बघत होते.

चुलतीचं नाव ठकूबाई. एकट्याच राहतात. गोठ्यात शिरलो. खांब तोच. पण आमच्याकडच्या खांबाचा हा भाऊ आहे, असं सांगूनही कुणाला पटलं नसतं. म्हशीनं वर्षानुवर्षं मान घासून घासून त्याचं नाक नेलं होतं, डोळे नेले होते. गुगळे डॉक्टरांनी तोंडावर हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, ‘दात पार झिजलेत.’ शाबूत होता तो फक्त एक लांबडा कान. त्याला दुधाची चरवी अडकवली होती.

शफीभाई त्या कानाकडेच बघत राहिले.

‘आमच्या मालकांनी आनलाय संगमनेरास्न,’ ठकूबाई म्हणाल्या. ‘हाटेल पाडलं तवा. आता मालक न्हाईत, ह्यो हाय.’

आम्ही विषय काढला. बदल्यात सागवानी खांब देतो, छप्पर नवं करून देतो.

‘न्या की,’ त्या म्हणाल्या. ‘पर चंद्री ह्याला मान घासल्याबिगर पान्हा सोडत न्हाई. माझं घर चंद्रीवर हाय. खोटं वाटत आसंल तर आजची धार दुसरीकडं बांधून काढून बगा.’

बघितली. चंद्रीला पलीकडच्या मेढीला बांधलं. ठकूबाई खाली बसल्या. थेंब नाही. पाठ थोपटली, पेंड दिली, गुगळे डॉक्टरांनी तिच्याशी लाडीगोडीनं बोलून पाहिलं. चंद्री मान वळवून खांबाकडे बघत राहिली आणि मग तिनं चरवीला लाथ मारली. दावं सोडून तिला पुन्हा खांबाशी नेलं. तिनं दोनदा मान घासली आणि धार सुरू झाली.

एवढी वर्षं शोधलेली वस्तू हाताशी होती आणि तिला हात लावायची सोय नव्हती. मला फार वाईट वाटलं. डॉक्टर तर रडवेल्या झाल्या होत्या.

शफीभाईंनी ठकूबाईंनी दिलेला चहा संपवला, कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, ‘बाई, गोठ्याला ह्या बाजूनं आधार कमी नाही का वाटत तुमाला?’

‘वाटतोय की. पावसात वाकतं छप्पर.’

‘मग ठीक आहे,’ ते म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर ते माझ्याकडे आले ते टेम्पो आणि चार माणसं घेऊनच. माझ्या ओसरीतला खांब त्यांनी टेम्पोत चढवायला सांगितला. मी आडवा गेलो. ‘शफीभाई, डोकं फिरलंय का? करवतीखालून काढलाय तुम्ही ह्याला! म्हशीला देताय?’

‘दोर घट्ट बांधा रे,’ ते माणसांना म्हणाले.

मनीषाही चुपचाप टेम्पोत येऊन बसली. गुगळे डॉक्टर दवाखाना बंद करून आल्या.

अंधार पडायच्या आत ठकूबाईंच्या गोठ्यात खांब उभा राहिला. एका बाजूला नाकडोळे झिजलेला, दुसऱ्या बाजूला कपाळावर खाच असलेला, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा. शफीभाई तिथं जाऊन उभे राहिले. एक हात आमच्या खांबावर टेकला. मी मोबाईल वर धरला.

मग त्यांनी खांद्यावरचा नॅपकीन काढला आणि दुसऱ्या खांबाकडे वळले. कानाला चरवी होती. ते थांबले.

‘त्याला काय लावू नगा,’ ठकूबाई पलीकडून म्हणाल्या. ‘ती चरवीची जागा हाय.’

शफीभाई नॅपकीन हातात घेऊन तसेच उभे राहिले. मनीषानं शफीभाईंच्या मोबाईलवरचा जुना फोटो ठकूबाईंपुढे धरला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. बराच वेळ बघितला. मग उठल्या, चंद्रीला बाजूला सारलं आणि कानाची चरवी काढून घेतली.

‘मी धरते चरवी,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी लावा तुमचं.’